मोजणीची साखळी कोणाच्या हाती?

धम्मदीक्षेनंतर आपल्या कुटुंबांनी गावकीची जी कामे टाकून दिली त्यांची यादी मोठी आहे. मेलेली जनावरे ओढणे टाकले, सांगावा पोहोचविणे टाकले, दारोदार भाकरी मागणे टाकले. जे टाकले ते टाकण्यासारखेच होते, याविषयी या पाक्षिकाच्या कोणाही वाचकाच्या मनात किंतु असण्याचे कारण नाही. परंतु टाकलेल्या या कामांच्या ढिगाऱ्यात एक काम असे होते की, ज्यात अपमानाच्या जोडीला ज्ञानही होते. ते म्हणजे गावाची शीव राखण्याचे.

आपल्या पूर्वजांच्या हाती गावच्या हद्दीची माहिती असे. कोणता दगड कोणत्या शेताचा, ओढ्याने पात्र कोठे बदलले, बांध कोणत्या साली कोणी सरकविला, हे त्यांना पाठ असे. दोन गावांत शिवेचा तंटा उभा राहिला म्हणजे ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई त्यालाच पुढे बोलाविले जाई, आणि तो ज्या वाटेने चालत जाई ती शीव म्हणून मान्य होई. वाचकहो, या गोष्टीचा क्षणभर विचार करा. ज्याच्या पायांनी शीव सांगितली त्याच्या नावावर त्या शिवेच्या आत जमीन किती होती? आणि त्याने सांगितलेली शीव कागदावर उतरवून घेणारी लेखणी कोणाची होती?

गावकी गेली तसे ते ज्ञानही गेले. गावकी गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु ज्ञान गेले याचे नुकसान आपण आजही सोसतो आहोत. ज्याला आज भूमापन म्हणतात ते त्याच ज्ञानाचे शास्त्रशुद्ध रूप असून स्थापत्य अभियांत्रिकीची ती पायाभूत शाखा आहे. बलुत्याच्या भाकरीसाठी नव्हे, तर पगार, पदवी व यंत्र यांच्यासह ही विद्या आपल्या मुलामुलींनी परत मिळविली पाहिजे, आणि ज्यांना त्या व्यवसायात जावयाचे नाही त्यांनीही स्वतःच्या जागेचा नकाशा वाचता येण्याइतकी ती शिकली पाहिजे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

महाराष्ट्रातील आधुनिक मोजणीचा इतिहास थोडक्यात पाहू. पेशवाई गेल्यानंतर इंग्रजांना शेतसारा ठरवावयाचा होता. पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२७ च्या सुमारास मोजणी व प्रतवारीचे काम हाती घेतले. त्यामागचा सिद्धांत मोठा विद्वत्तापूर्ण होता. परंतु प्रत्यक्ष शेतात साखळी धरणाऱ्या व आकडे लिहिणाऱ्या हाताखालच्या नोकरांत लाचलुचपत माजली, आकडे खोटे ठरले आणि ती सारी व्यवस्था मोडून टाकावी लागली. त्यानंतर १८३५ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली. यांपैकी विंगेट हा बॉम्बे इंजिनियर्स या लष्करी पथकातील अभियंता होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. साऱ्याच्या सिद्धांतापेक्षा मोजणीची तपासणी कशी करावी याकडे या जोडीने अधिक लक्ष दिले, आणि १८४७ च्या त्यांच्या संयुक्त अहवालातून जी पद्धत सिद्ध झाली तीच पुढे मुंबई इलाख्यात चालली. तुमच्या सातबारावरील सर्व्हे नंबर हा तिचाच वारसा आहे. कित्येक गावी १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. नागपूरकडील वाचकांना खसरा हा शब्द परिचित असेल. नावे निराळी असली तरी खाली मोजणीच आहे.

ती मोजणी कशी होत असे? शंकू व साखळी ही तिची दोन मुख्य साधने. साखळी ३३ फूट लांबीची, तिचे १६ भाग, प्रत्येक भागास आणा म्हणत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आपण रोज तोंडाने उच्चारतो तो गुंठा अशा रीतीने एका साखळीच्या लांबीतून जन्मला आहे. शेताच्या मधून लांबच्या लांब एक सरळ पायारेषा धरावयाची; तिच्यावरून चालत जाऊन, शेताचा प्रत्येक कोपरा जेथे बरोबर काटकोनात येतो ती जागा शंकूच्या साह्याने ठरवावयाची; आणि तेथून कोपऱ्यापर्यंतचे अंतर साखळीने घ्यावयाचे. वेडेवाकडे शेत येणेप्रमाणे काटकोन त्रिकोणांत व समलंब चौकोनांत विभागले जाते, आणि सातव्या-आठव्या इयत्तेच्या गणिताने त्याचे क्षेत्र निघते. या मापांचे जे टाचण शेतावरच केले जाई त्यास टिपण म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. त्याची पुढे गरज पडणार आहे.

ही विद्या साधी वाटते, आणि साधी आहेही. तिच्यातील कठीण भाग निराळाच आहे. तो म्हणजे चूक ओळखणे. दोन उदाहरणे देतो. पुष्कळ वापराने साखळीच्या कड्या ताणल्या जातात. समजा ती एक इंचाने लांबली. ३३ फुटांत एक इंच म्हणजे काय मोठेसे, असे कोणीही म्हणेल. परंतु लांबीतील चूक क्षेत्रात दुप्पट होते. चार एकरांच्या शेताला या ताणलेल्या साखळीने मोजले तर कागदावर सुमारे पाऊण गुंठ्याहून थोडे अधिक, म्हणजे ८७० चौरस फुटांच्या आसपास क्षेत्र कमी लागते. एका लहान घराची जागा केवळ एका इंचाने नाहीशी झाली! दुसरे उदाहरण डोंगरउताराचे. भूमापनात अंतर नेहमी आडव्या पातळीत धरावयाचे असते. वीस अंशांच्या उतारावर साखळी जमिनीलगत टाकली तर कागदावर ३३ फूट लिहिले जातात, आणि खरे आडवे अंतर भरते अवघे ३१ फूट. कोकणातील वरकस जमिनींच्या मालकांनी व सह्याद्रीच्या कडेच्या गावांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

म्हणून या शास्त्रात प्रत्येक आकड्याला साक्षीदार लागतो. चार कोपऱ्यांच्या शेताचे आतले चार कोन मोजले तर त्यांची बेरीज ३६० अंश आलीच पाहिजे. पाच कोपऱ्यांची ५४०. ती आली नाही तर मोजणाऱ्याचे पद कितीही मोठे असो, मोजणी चुकलेली आहे. मला या विद्येचा मोह पडतो तो याच कारणाने. येथे वरिष्ठाच्या शब्दाने किंवा पोथीच्या आधाराने कोन मोठा होत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके ‘असेच असते’ या एका उत्तरावर गप्प बसविले गेले, त्या समाजाच्या मुलाच्या हाती असे शास्त्र असावे की ज्यात ‘तपासून दाखवा’ असे म्हणण्याचा त्याला हक्कच आहे.

भूमापनाचा दुसरा मोठा नियम असा की, आधी समग्र मोजावे, मग अंश. शेजाऱ्याच्या बांधापासून सुरुवात करून आपला बांध ठरवू नये. कारण त्याचा बांध चुकला असेल तर ती चूक आपल्या शेतात येईल आणि तेथून पुढच्याच्या शेतात जाईल. दूरच्या पक्क्या खुणा, तीन गावांच्या शिवा मिळतात तेथील दगड, आधी पकडावे व त्यांच्या आत एकेक शेत बसवीत यावे. हा नियम सबंध देशाला कसा लावला गेला याची एक खूण वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट येथे आहे. तेथे विल्यम लॅम्बटन याची कबर आहे. या गृहस्थाने १८०२ साली मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची एक सरळ रेषा अत्यंत काटेकोरपणे मोजली. त्या रेषेच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन घेतले की त्रिकोणाच्या नियमाने उरलेल्या दोन बाजूंची लांबी गणितानेच निघते. त्या बाजूंवर पुढचा त्रिकोण, त्यावर आणखी पुढचा. याप्रमाणे त्रिकोणांची एक माळ दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेली. कोन मोजण्याचे त्याचे थिओडोलाइट यंत्र अर्ध्या टनाच्या वजनाचे होते. १८२३ साली नागपूरकडे जात असता हिंगणघाट मुक्कामी लॅम्बटनचा अंत झाला आणि काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले. ही यंत्रे टेकडीवर चढविणारे, साखळी ओढणारे व निशाणे धरून उन्हात उभे राहणारे हिंदी मजूर शेकड्यांनी होते. नकाशावर त्यांची नावे नाहीत. हिंगणघाट परिसरातील शिक्षक बंधूंनी आपल्या विद्यार्थ्यांना ती कबर दाखवावी, आणि ही गोष्टही सांगावी.

आपल्या धम्मसाहित्यात मोजणीदाराला जागा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत व स्तंभलेखांत रज्जुक नावाचे अधिकारी येतात. लाखो प्रजाजनांचे हित त्यांच्याकडे सोपविल्याचे अशोक सांगतो. रज्जू म्हणजे दोर. जमीन मोजणाऱ्या दोरावरूनच हे नाव पडले असे अनेक पंडितांचे मत आहे. पाली जातकांतील कुरुधम्म जातकात असाच एक दोरधारी अमात्य आहे. तो एका खेड्यात शेत मोजीत असतो. दोराचे एक टोक शेतमालकाने धरलेले, दुसरे या अमात्याच्या हाती, काठीला बांधलेले. काठी रोवावयाची जागा आली ती नेमकी एका खेकड्याच्या बिळावर. बिळात रोवावी तर खेकडा मरेल. पुढे रोवावी तर राजाचे नुकसान. मागे रोवावी तर शेतकऱ्याचे. बिळात खेकडा असता तर तो दिसला असता, असा विचार करून तो काठी बिळातच रोवतो, आणि आतून खेकड्याचा आवाज येतो. त्या आवाजाने त्याचे मन कायमचे अस्वस्थ होते. एक वीत पुढे की एक वीत मागे, या प्रश्नात राजा, रयत व एक मुका जीव या तिघांचे हित कसे गुंतलेले असते हे या कथेइतके नेमके मी अन्यत्र कोठे वाचलेले नाही. मोजणी खात्यात नव्याने दाखल होणाऱ्या प्रत्येकाला ही कथा वाचावयास द्यावी, असे मला वाटते. खात्याने न दिली तर निदान आपल्या मुलांना आपण द्यावी.

आता वतनाच्या जमिनीकडे वळू. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याखाली आपल्या पूर्वजांना चाकरीच्या बदल्यात जमिनीचा तुकडा होता, आणि त्या तुकड्याने त्यांना रात्रंदिवस गावाचे व सरकारचे बांधील करून ठेवले होते. डॉ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते हीच बेडी तोडण्यासाठी. अखेर कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला आणि जुन्या मुंबई राज्याच्या मुलखातील या जमिनी कब्जेहक्काची रक्कम भरून वतनदारांना परत मिळू लागल्या. परंतु त्या कायद्यात एक अट होती. कलेक्टरच्या परवानगीवाचून ही जमीन विकता येणार नाही, तशीच सरस-निरस मोजमापाने तिची वाटणीही करता येणार नाही. जमीन दुबळ्याच्या हातून निसटू नये हा अटीचा हेतू असेल, आणि तो वाईट म्हणता येणार नाही. पण परिणाम काय झाला तो आपण पाहतोच आहोत. एका गटात वीस-वीस, तीस-तीस नावे, पिढीगणिक वाढणारी. हिस्से आणे-पैत लिहिलेले. आणि नकाशावर त्या हिश्शांची एकही रेघ नाही. ज्याची रेघ नाही त्याचा बांध नाही, आणि ज्याचा बांध नाही त्याच्या बाजूने शेजाऱ्याचा नांगर दरसाल हातभर आत येतो. कोर्टात उभे राहिले म्हणजे पहिलाच प्रश्न येतो: तुमचा हिस्सा जागेवर कोठे आहे? उत्तर देता येत नाही. पुढे या अटींत फेरबदल होत गेले. पण न ओढलेली रेघ कायद्यातील बदलाने आपोआप ओढली जात नाही. ज्या कुटुंबांची अशी जमीन असेल त्यांनी प्रथम घरात बसून वंशावळ पुरी करावी, भाऊबंदांची संमती करावी, लागत असेल तेथे परवानगी घ्यावी आणि पोटहिश्श्याच्या मोजणीचा अर्ज करावा. भाऊबंदकीतला वाद मिटवून मग अर्ज करू असे म्हणत बसणाऱ्यांना मी सांगेन की, निम्मे वाद रेघ नसल्यामुळेच आहेत.

गायरानाचीही हीच कथा. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली व पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, माणसे हजारोंनी तुरुंगात गेली. १९९१ साली महाराष्ट्र शासनाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय केला. तेव्हा प्रश्न आला तो कागदाचा. कोणत्या गटात, किती क्षेत्रावर, कधीपासून? ज्यांच्यापाशी दंडाची पावती, पंचनामा किंवा मोजणीचा कागद होता त्यांना दार उघडले. ज्यांनी नुसता घाम गाळला होता त्यांना हेलपाटे पडले.

मोजणीच्या दिवशी तुम्ही काय करता, असा प्रश्न मी तुम्हांस विचारू इच्छितो. पुष्कळ ठिकाणी दिसते ते असे. नोटीस आलेली असते. घरातील कर्ता पुरुष मजुरी बुडेल म्हणून जात नाही, किंवा जातो आणि झाडाखाली बसतो. शेजारचा जमीनदार मात्र दोन माणसांसह आलेला असतो. भूकरमापकास पाणी-चहा तोच देतो, हद्दीच्या खुणा तोच दाखवितो, वहिवाट कोठपर्यंत ती तोच सांगतो. यात भूकरमापकाचा अप्रामाणिकपणा असेलच असे नाही. जागेवर जी वहिवाट दाखविली जाते ती नोंदविणे हे त्याचे कामच आहे. आणि दाखविणारा एकच असेल तर नोंदही एकाचीच होणार. म्हणून नोटीशीच्या दिवशी घरातील दोन माणसांनी तरी हजर राहावे; त्यांपैकी एक वृद्ध असावे, ज्यांना जुने बांध व झाडे आठवतात, आणि एक शिकलेले असावे. त्या शिकलेल्या व्यक्तीने विचारावे: मोजणीला आधार कोणता घेतला आहे?

येथे टिपणाची गरज पडते. पुष्कळ जुने गावनकाशे मैलाला आठ इंच या प्रमाणात आहेत. त्या नकाशावर पेन्सिलीची अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ ओढली तर तिने जागेवर सुमारे तेरा फुटांचा पट्टा झाकला! गावनकाशा हा शेते एकमेकांलगत कशी आहेत हे दाखविण्यासाठी आहे; बांध ठरविण्यासाठी तो अपुरा आहे. हद्द कायम करावयाची तर मूळ टिपण, गटाचा नकाशा, पोटहिस्सा झाला असेल तर फाळणी, हे अभिलेख काढून त्यांतील मापांवरून ती बसवावी लागते. हे कागद तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात असतात आणि त्यांच्या नकला अर्ज करून, फी भरून मिळतात. मोजणी पुरी झाल्यावर धारकाला नकाशाची जी ‘क’ प्रत मिळते ती कपाटात ठेवून देऊ नका. ती उघडा, उत्तर दिशा पाहा, हद्दीची रेघ व वहिवाटीची रेघ एकच आहे की निराळी ते पाहा. निराळी असेल तर तेथेच अतिक्रमण आहे. मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी मागण्याची सोय आहे. पण ती मागण्यासाठी आधीची चूक कोणती, हे सांगता आले पाहिजे.

कोणी म्हणतील, आता साखळी गेली, उपग्रह आले, यंत्र काही पक्षपात करीत नाही. साखळी गेली हे खरे. साखळीनंतर प्लेन टेबल आले, त्यानंतर किरण सोडून अंतर व कोन एकाच वेळी देणारे टोटल स्टेशन आले, आणि आता रोव्हर आला आहे. किमान चार उपग्रहांचे संदेश घेऊन व जमिनीवरील स्थिर केंद्राकडून दुरुस्ती मिळवून तो जागा काही सेंटिमीटरपर्यंत अचूक सांगतो. या प्रगतीचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु यंत्र एवढेच सांगते की, हा बिंदू पृथ्वीवर कोठे आहे. तो कोणाचा आहे हे ते सांगत नाही. चुकीच्या बांधावर रोव्हर उभा केला तर तो चुकीचा बांध अत्यंत अचूकपणे मोजील, आणि पूर्वी ज्या चुकीवर वाद घालता येत असे ती आता सेंटिमीटरच्या रुबाबात कायम होऊन बसेल.

गावठाणांच्या ड्रोन मोजणीविषयी हीच सावधगिरी बाळगा. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. तीत गावठाणातील घरांची विमानासारख्या उडत्या यंत्राने छायाचित्रे घेऊन नकाशे होतात व घरमालकांना मिळकत पत्रिका मिळते. उड्डाणापूर्वी जागेवर चुन्याच्या रेषा मारून हद्दी दाखवावयाच्या असतात. चुना कोण मारतो? तुमच्या घरामागचे परसू, गल्लीतील मोकळी जागा, विहाराचे अंगण यांभोवती रेषा मारली गेली काय? आणि त्याहून गंभीर प्रश्न असा की, आपली वस्ती पुष्कळ ठिकाणी गावापासून मुद्दाम दूर ठेवलेली. ती गावठाणाच्या नोंदलेल्या हद्दीत आहे काय? नसेल तर आकाशातून घर दिसेल, पण कागदावर येणार नाही. गावठाणाचा नकाशा आधी पाहून घ्या, आणि ग्रामसभेत हा प्रश्न लेखी मांडा.

आपल्यापैकी बहुसंख्य भूमिहीन आहेत, मग मोजणी शिकून काय मोजावयाचे, हा आक्षेपही मी ऐकला आहे. त्यात तथ्य आहे. मोजणीने जमीन वाढत नाही. १९१८ साली हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर लिहिताना बाबासाहेबांनीच दाखवून दिले होते की, तुकडे जोडल्याने शेतीचे दुखणे बरे होणार नाही; शेतीवरील माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळला पाहिजे. परंतु तो उद्योगधंदा तरी कशावर उभा राहतो? रस्ता, कालवा, धरण, रेल्वे, वीजवाहिनी, शहराची वसाहत यांतील एकही काम मोजणीवाचून सुरू होत नाही. कोणाचे घर पाण्याखाली जाणार हे समपातळी रेषांनी आधी ठरते. मोबदल्याची यादी मागाहून होते. त्या टेबलाभोवती आपली माणसे किती आहेत?

मार्ग फार दुर्गम नाही. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील सर्वेक्षकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, किंवा तंत्रनिकेतनातील स्थापत्य अभियांत्रिकीची तीन वर्षांची पदविका, या दोन वाटांनी भूकरमापकाच्या भरतीपर्यंत पोहोचता येते. पदवीधरांस तर रेल्वे, पाटबंधारे व खासगी कंपन्यांची क्षेत्रे मोकळी आहेत. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या घटनात्मक आदेशात समावेश झालेला आहे. तेव्हा जातीचे प्रमाणपत्र व वैधता वेळेवर करून घ्या, जाहिरात निघाल्यावर धावाधाव करू नका. मुलींच्या बाबतीत ‘उन्हातान्हात रानोमाळ कशी हिंडणार’ ही सबब ऐकू येते. ज्या मातांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या शेतात भर उन्हात खुरपणी केली त्यांच्या मुलींना ऊन सोसणार नाही, हे म्हणणे मला तरी पटत नाही.

एक छोटी सूचना. येत्या रविवारी बुद्धविहारातील वंदना झाल्यावर पन्नास फुटी टेप, चार खुंट्या व दोरी घेऊन मुलामुलींकडून विहाराचे आवार मोजवा. चारी बाजू व एक कर्ण घेतला की आवाराचे दोन त्रिकोण होतात. दोन्हींचे क्षेत्र काढून बेरीज करा, १०८९ ने भागून गुंठे काढा. मग दुसरा कर्ण मोजून पहिल्या गणिताचा ताळा पाहा. कागदावर नकाशा काढा, उत्तर दिशा दाखवा, चारी बाजूंच्या लगतधारकांची नावे लिहा. नंतर विहाराच्या जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढून तो आकडा या आकड्याशी ताडून पाहा. किती विहारांच्या जागेचा असा कागदच नाही, हे त्या दिवशी कळेल. आणि सोमवारी तालुक्याला कोणता अर्ज घेऊन जावयाचे तेही.